वंशसंहारातून वाचलेल्यांच्या साक्षी : नोंदवाव्यात कशा, सांभाळाव्यात कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका समाजातले, वंशसंहारातून वाचलेले लोक आता थकलेत आणि दरवर्षी कमी होत चाललेत. पाच-सहा तरुण कार्यकर्ते, एक बरा कॅमेरा आणि दोन हार्ड डिस्क एवढ्या तयारीवर त्यांच्या साक्षी नोंदवून ठेवायच्या आहेत. काय विचारावे, काय टाळावे आणि नोंदवलेले टिकवावे कसे?

मी बरीच वर्षे हेच काम करते आहे. मुलाखती घेण्याचे, आणि त्याहून अधिक, इतरांनी घेतलेल्या मुलाखती सांभाळण्याचे. त्यातून पक्के झालेले मत आधी सांगते : मुलाखत हा या कामाचा सगळ्यात लहान भाग आहे. ती एका दुपारी होऊन जाते. तिचा सांभाळ मात्र पुढची पन्नास-शंभर वर्षे करायचा असतो, आणि ज्याच्या वतीने करायचा तो माणूस तोवर हयात नसतो. म्हणून विचार शेवटाकडून सुरू करा. हे सगळे अखेर कुणाच्या ताब्यात राहणार? कोण ऐकू शकेल, कोण नाही? गट उद्या फुटला किंवा पैसे संपले तर हार्ड डिस्क कुणाच्या घरी जाणार? पोलिसांनी किंवा कोर्टाने मागितल्या तर काय उत्तर देणार? याची उत्तरे कागदावर उतरल्याखेरीज कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू नका.

यावर लगेच म्हटले जाते, माणसे जाताहेत, एवढा विचार करत बसायला वेळ कुठे आहे? वेळ कुणाला सगळ्यात कमी होता ते पाहा. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेटोत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी १९४० साली 'ओयनेग शाबेस' नावाचा गुप्त गट उभा केला. उपासमार, साथीचे रोग, रोजची धरपकड चालू असताना या लोकांनी विषयवार प्रश्नावल्या केल्या, मजकुराच्या एकाहून अधिक प्रती काढल्या आणि कागद वेगवेगळ्या वेळी जमिनीत पुरले. पहिला साठा सप्टेंबर १९४६ मध्ये सापडला. तो पत्र्याच्या पेट्यांत होता, पेट्या नीट बंद झालेल्या नव्हत्या, त्यामुळे आत पाणी शिरून बरेच कागद खराब झाले. दुसरा डिसेंबर १९५० मध्ये दुधाच्या कॅनमध्ये सापडला, तो पुष्कळ चांगल्या अवस्थेत. तिसरा आजतागायत सापडलेला नाही. तरीही सुमारे ३५ हजार पाने हाती लागली. साठेक माणसांच्या त्या गटातली तिघेच जगली. त्यांतल्या राखेल आउअरबाख यांनी पुढे याद वाशेम या होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहाराच्या, इस्राएलमधल्या स्मारकसंस्थेत साक्षी गोळा करण्याचा विभाग उभा केला. जतनाबद्दल मी जे सांगणार आहे ते जवळजवळ सगळे या एका गोष्टीत आहे : प्रती अनेक हव्यात, जागा अनेक हव्यात, डबा कसला आहे याने फरक पडतो, आणि कुठे काय ठेवले आहे हे माहीत असणारे माणूस जिवंत असावे लागते.

आता पहिला खरा निर्णय. साक्ष कशासाठी घेताय? कोर्टासाठी, इतिहासासाठी, की कुटुंबासाठी? 'सगळ्यांसाठी' हे उत्तर चालत नाही, कारण या गरजा एकमेकींच्या आड येतात. कोर्टाला अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, कुणी काय केले एवढेच हवे असते. इतिहासाला त्या माणसाचे आधीचे घर, शाळा, शेजारी, नंतरची वर्षे, सगळे हवे असते. आणि एकाच माणसाने तीच घटना पाच जणांना पाच वेळा सांगितली की तपशिलात फरक पडणारच. माणसाची आठवण तशीच चालते. पण बचाव पक्षाचा वकील ते पाच जबाब शेजारी शेजारी ठेवतो आणि साक्ष देणाऱ्यालाच खोटे ठरवतो. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून बांगलादेशच्या छावण्यांत आलेल्या रोहिंग्यांकडून संस्था, पत्रकार आणि तपास पथके एकापाठोपाठ एक तीच कहाणी काढून घेत राहिली. २०१४ मध्ये इराकमधल्या सिंजारवर इस्लामिक स्टेटने केलेल्या हल्ल्यानंतर सुटून आलेल्या याझिदी स्त्रियांचेही तेच झाले. याच अनुभवातून एप्रिल २०२२ मध्ये 'मुराद संहिता' जाहीर झाली. त्याच हल्ल्यातून वाचलेल्या याझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या नावाची ही आचारसंहिता लैंगिक अत्याचारांची माहिती गोळा करणाऱ्यांसाठी आहे. ती मिळवून आधी वाचा. तिच्यातला एक महत्त्वाचा विचार असा आहे, की ही मुलाखत खरोखर घ्यायलाच हवी का, हे आधी तपासावे.

म्हणून भेटायला जाल तेव्हा सुरुवातीलाच विचारा, 'हे याआधी तुम्ही कुणाला सांगितले आहे का? जबाब दिला आहे का?' खटला चालू असेल किंवा तपास होण्याची शक्यता असेल, तर गुन्ह्याच्या तपशिलात शिरू नका. जाणकार वकिलाला विचारा. तोवर लहानपण, गाव, सण, कामधंदा आणि नंतरचे आयुष्य नोंदवा. हे दुय्यम काम आहे असे अजिबात नाही. जो समाज पुसून टाकायचा प्रयत्न झाला तो कसा जगत होता, हे सांगणारे दुसरे कुणी उरलेले नसते.

प्रश्न कसे विचारावेत याबद्दल दोन मोठ्या परंपरा आहेत. १९७९ साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये काही लोकांनी एकत्र येऊन होलोकॉस्टमधून वाचलेल्यांचे चित्रीकरण सुरू केले. तो संग्रह पुढे येल विद्यापीठात गेला आणि आज फोर्टुनॉफ संग्रह म्हणून ओळखला जातो; त्यात ४,४०० हून अधिक साक्षी आहेत. त्यांची रीत अशी, की ठरीव प्रश्नावली नाही, वेळेचे बंधन नाही, सांगणारा नेईल तिकडे जायचे. दुसरी रीत स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या शोआ फाउंडेशनची. तिथे आधी लांबलचक माहितीपत्रक भरून घेत, आणि मुलाखतीचा साधारण पाचवा भाग युद्धापूर्वीच्या आयुष्याला, तीन भाग युद्धकाळाला आणि उरलेला नंतरच्या आयुष्याला देत. काही वर्षांत त्यांनी ३२ भाषांत सुमारे ५२ हजार साक्षी नोंदवल्या.

नवख्या गटाने दोन्हींतले थोडे थोडे घ्यावे, असे मला वाटते. माहितीपत्रकाची रीत शोआ फाउंडेशनकडून घ्या, म्हणजे मुलाखतीच्या दोन-चार दिवस आधी कॅमेऱ्याशिवाय एक भेट, आणि त्यात नावे, नाती, गावे, तारखा लिहून घेणे. याचे दोन फायदे. ऐन मुलाखतीत 'थांबा, हा कोण?' असे मधेच विचारावे लागत नाही. आणि सांगणाऱ्याला तुम्ही कोण आहात हे पाहून नको म्हणायची संधी मिळते. ती संधी खरी असली पाहिजे. मुलाने किंवा नातीने आजींच्या वतीने हो म्हटले असेल तर ते होकार धरू नका. मुलाखतीत मात्र येलची रीत पाळा. एक मोठा, मोकळा प्रश्न आणि मग गप्प बसणे. 'तुमच्या लहानपणापासून सांगा' एवढ्यावर पुष्कळ लोक तासभर बोलतात. 'पुढे काय झाले?', 'तेव्हा तुमच्याबरोबर कोण होते?', 'तिथून काय दिसत होते?' हे तीन प्रश्न बाकी बहुतेक काम करतात. 'तुम्हाला कसे वाटले?' हा प्रश्न टाळाच. त्याला उत्तर नसते, आणि समोरच्याला उगाच अपुरे वाटते. 'मग त्यांनी तुम्हाला मारले असेल ना?' यासारखे उत्तर तोंडात घालणारे प्रश्न साक्षीचे मोल घालवतात.

गप्प बसणे सगळ्यात अवघड जाते. समोरचे माणूस बोलता बोलता थांबते, खिडकीकडे बघते, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या तोंडून सांत्वनाचे शब्द बाहेर पडतात. नका बोलू. त्याचे त्याला ठरवू द्या. फार वेळ गेला तर 'थोडे थांबू या का?' एवढेच विचारा. कॅमेरा बंद करायचा का हेही त्यांनाच विचारा, स्वतः ठरवू नका.

चुकीचे सांगितले तर? सांगणारच. इथे मानसोपचारतज्ज्ञ डोरी लाउब यांनी नोंदवलेला प्रसंग या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑशविट्झ या नाझी छळछावणीत ७ ऑक्टोबर १९४४ रोजी कैद्यांनी उठाव केला, त्याची साक्ष देताना एका बाईंनी दहनभट्ट्यांची चार धुराडी उडाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात एकच उडाले होते. इतिहासकारांचे म्हणणे पडले, की एवढी ढोबळ चूक असेल तर ही साक्ष ग्राह्य कशी धरायची? लाउब, जे स्वतः लहानपणी छावणीतून वाचले होते, म्हणाले की त्या बाई धुराड्यांची संख्या सांगत नव्हत्या. जिथे काहीही घडणे अशक्य होते तिथे उठाव झाला, ही अकल्पित गोष्ट त्या सांगत होत्या. मला दोन्ही बाजू पटतात, आणि संग्रह सांभाळणाऱ्याला दोन्ही सांभाळता येतात. कॅमेऱ्यासमोर दुरुस्ती करायची नाही. कापाकापी करायची नाही. नोंदीत, वेगळ्या रकान्यात, लिहायचे : 'इतर साधनांनुसार एकच धुराडे उद्ध्वस्त झाले.' वंशसंहार नाकारणारे लोक अशाच चुका शोधत बसलेले असतात. त्या लपवल्या तर त्यांच्या हाती आयते कोलीत मिळते. आपणच नोंदवून ठेवल्या तर त्यांना बोलायला जागा राहत नाही. दुसरी बाजूही लक्षात असू द्या. १९९० च्या दशकात बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने प्रसिद्ध झालेल्या छळछावणीतल्या बालपणाच्या आठवणी पूर्ण बनावट निघाल्या. तेव्हा आधीच्या भेटीत जुने फोटो, पत्रे, ओळखपत्रे पाहायला मागणे यात अविश्वास नाही. मुलाखतीच्या शेवटी त्यांचेही चित्रीकरण करा आणि प्रत्येक फोटोत कोण कोण आहे ते त्यांच्याच आवाजात सांगू द्या.

लैंगिक अत्याचारांबद्दल वेगळे लिहायला हवे. १९९४ च्या रुआंडातल्या वंशसंहारासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात ज्याँ-पॉल आकायेसू याच्यावर खटला सुरू झाला तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेख नव्हता. १९९७ साली एका साक्षीदार बाईने दुसऱ्याच संदर्भात बोलताना आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार सांगितला. न्यायासनावरच्या एकमेव स्त्री न्यायाधीश नवी पिल्ले यांनी त्यावर पुढे विचारले. आणखी साक्षी आल्या, जूनमध्ये आरोपपत्र बदलले गेले, आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हे वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते असे एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा म्हटले. म्हणजे ऐकणारे कोण आहे यावर काय सांगितले जाते हे ठरते. खोलीत कोण बसणार, हे म्हणूनच साक्ष देणाऱ्या बाईंना ठरवू द्या. नवरा, मुलगा, सासरचे कुणी समोर असताना ती गोष्ट कधीच बाहेर येणार नाही, आणि आलीच तर नंतर तिचे काय होईल सांगता येत नाही.

पण यावरून 'आपणही विचारले पाहिजे' असा अर्थ काढू नका. न्यायाधीशांच्या पाठीशी साक्षीदार संरक्षणाची सगळी यंत्रणा होती. तुमच्या पाठीशी काय आहे? १९९२ साली ढाक्यात १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या गुन्ह्यांसाठी भरवलेल्या जनन्यायालयात कुष्टिया भागातल्या तीन स्त्रियांना आणले गेले. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली, आणि गावी परतल्यावर त्यांच्या वाट्याला टोमणे आणि वाळीत टाकणे आले. आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. म्हणून माझा नियम सोपा आहे : आपण होऊन विषय काढायचा नाही, त्यांनी काढला तर घाईने बंदही करायचा नाही, आणि जवळपास डॉक्टर किंवा समुपदेशक कोण आहे याची माहिती आधीच खिशात हवी. 'बोललात की मन हलके होईल' असे वचन कुणालाही देऊ नका. काहींचे होते. काहींची जुनी खपली निघते आणि पुढचे कित्येक दिवस झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करा, आठवड्याने पुन्हा करा.

संमतीच्या कागदावर एक सही घेऊन भागत नाही. पर्याय मांडा आणि प्रत्येकापुढे वेगळी खूण घ्या. नाव द्यायचे की टोपणनाव? चेहरा दिसावा की फक्त आवाज? आत्ता खुले करायचे, मृत्यूनंतर, की अमुक वर्षांनी? फक्त कुटुंबाला, संग्रहात येऊन बसणाऱ्या अभ्यासकाला, की इंटरनेटवर सगळ्यांना? हल्ली मी आणखी एक ओळ घालते : या आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून कृत्रिम बुद्धिमत्तेने नवीन काही तयार करायला परवानगी आहे की नाही. शोआ फाउंडेशनच्या एका प्रकल्पात पिंचस गटर यांच्यासारख्या वाचलेल्यांनी हजाराहून अधिक प्रश्नांची उत्तरे खास चित्रित करून घेतली. आता विद्यार्थी पडद्यावरच्या त्यांना प्रश्न विचारतात आणि त्यांचेच चित्रित उत्तर समोर येते. तिथे माणसाने समजून उमजून वेळ दिला होता. जुन्या साक्षीवरून कुणी परस्पर बोलका पुतळा केला तर ती लबाडी आहे, आणि तुमच्या कागदात स्पष्ट नकार नसेल तर अडवणे कठीण जाईल.

आणि ही सही त्याच दिवशी घेतली असली तरी दोनेक आठवड्यांनी मुलाखतीची प्रत त्यांच्या हाती देऊन पुन्हा विचारा. ऐकल्यावर लोक विचार बदलतात. बदलू द्या.

गोपनीयतेचे वचन देताना जीभ सांभाळा. २००१ ते २००६ या काळात बॉस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. तुमच्या हयातीत टेप कुणाला मिळणार नाहीत, असा त्यांना भरवसा होता. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून अमेरिकेत समन्स निघाले आणि अखेर काही टेप पोलिसांच्या हाती गेल्या. हा विषय वंशसंहाराचा नाही, पण धडा आपलाच आहे : 'कायदा परवानगी देईल तोवर' हे शब्द कागदावरही हवेत आणि तोंडीही सांगायला हवेत. याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण कॅनडाचे. तिथल्या निवासी शाळांत मूळनिवासी मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या भरपाईसाठी सुमारे ३८ हजार दावे आले, बंद दाराआड सुनावण्या झाल्या. त्या नोंदींचे पुढे काय करायचे यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ मध्ये निकाल लागला, की ज्याची साक्ष त्याने जतन करायला सांगितली तर ती ठेवावी, नाहीतर १५ वर्षांनी नष्ट करावी. इतिहासकार म्हणून मला तो निकाल टोचतो. साक्षी सांभाळणारी म्हणून तो बरोबर वाटतो. ही ओढाताण तुमच्याही वाट्याला येणार आहे.

गुन्हेगारांची नावे हा आणखी एक नाजूक मामला. रुआंडात गचाचा या गावपातळीवरच्या न्यायालयांनी २०१२ पर्यंत जवळपास २० लाख प्रकरणे निकाली काढली, आणि साक्ष देणारे, आरोपी, शिक्षा भोगून आलेले सगळे पुन्हा त्याच टेकडीवर शेजारी राहतात. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खूनही झाले. मूळ मुलाखतीतून नाव कधीही कापू नका. लोकांसाठी वेगळी प्रत काढा, तिच्यात नाव झाका आणि काय झाकले त्याची नोंद मूळ प्रतीबरोबर ठेवा. येलच्या संग्रहात साक्ष देणाऱ्याचे नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच यादीत छापतात. चांगली पद्धत आहे, पण चेहरा दिसणारी चित्रफीत इंटरनेटवर टाकल्यावर आद्याक्षराने काही लपत नाही.

भाषेबद्दल एवढेच : माणूस ज्या भाषेत स्वप्न पाहतो त्या भाषेत बोलू द्या. दुभाषा लागलाच तर त्याची बोली, त्याचा समाज आणि त्याचे राजकारण आधी तपासा. चितगावी आणि रोहिंग्या या बोली जवळच्या असल्या तरी एक नाहीत, आणि घाईत नेमलेल्या दुभाषांमुळे छावण्यांत बरेच घोळ झाले. दुभाष्याचा आवाज मूळ आवाजावर चढवू नका; दोन माइक, दोन ट्रॅक.

उपकरणांचे आता सांगते, कारण ते सगळ्यात सोपे आहे. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. कॅमेऱ्यातल्या माइकवर विसंबू नका. कॉलरला लावायचा एक आणि वेगळ्या रेकॉर्डरवर दुसरा. आवाज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये. फोनवर एक जादा प्रत चालू ठेवा. पंखा आणि फ्रिज बंद. सुरुवातीला तारीख, ठिकाण, सगळ्यांची नावे मोठ्याने बोला. गावांची, माणसांची नावे एकेक अक्षर उच्चारून घ्या. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल हीच जतनाची प्रत, तिला हात लावायचा नाही. काटछाट दुसऱ्या प्रतीत.

दोन हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या शहरात. सरकार किंवा एखादा गट या साक्षींवर डोळा ठेवून असेल तर एक देशाबाहेर. डिस्क कूटबद्ध करा, पण किल्ली कुणाकडे आहे हे दोन जणांना माहीत हवे. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून यादीत ठेवा. हा फाइलवरून काढलेला एक लांब आकडा असतो. वर्षाने पुन्हा काढला आणि बदललेला दिसला तर फाइल बिघडली आहे, दुसऱ्या प्रतीवरून नवी करून घ्या. डिस्क पाच वर्षांच्या आसपास बदलाव्यात, चालत असल्या तरी. माध्यम मरते, ते कुणालाच चुकत नाही. शोआ फाउंडेशनच्या साक्षी सुमारे २ लाख ३५ हजार बीटाकॅम टेपवर होत्या, आणि त्या खराब होऊ लागल्यावर एकूण एक डिजिटल कराव्या लागल्या.

यादी नीट नसेल तर जतन केलेलेही हरवते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर १९४६ च्या उन्हाळ्यात तारेवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन युरोपात गेले आणि निर्वासितांच्या छावण्यांत सुमारे १३० लोकांशी नऊ भाषांत बोलले. वाचलेल्यांच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रित साक्षींपैकी त्या आहेत. त्यांतले फ्रान्समधल्या हेनोनव्हिल इथले गाण्यांचे एक रीळ कित्येक दशके बेपत्ता होते. ते ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या संग्रहातच पडून होते, गावाचे नाव चुकीचे लिहिले गेल्यामुळे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. सापडल्यावर ऐकायलाही जुन्या भागांतून यंत्र जुळवावे लागले. म्हणून फाइलचे नाव ठेवण्याची एकच पद्धत पहिल्या दिवसापासून पाळा, आणि गावाच्या नावाची जितकी रूपे चालतात तितकी सगळी नोंदीत लिहा : जुने, नवे, सरकारी, बोलीतले.

दोन तासांची चित्रफीत कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहत नाही. शोआ फाउंडेशनने दर मिनिटाला विषय, जागा, माणसे अशा खुणा घातल्या. त्यामुळे अमुक छावणीतल्या स्वयंपाकघराबद्दल कोण कोण बोलले आहे हे शोधता येते. तुम्हाला एवढे झेपणार नाही. दर चार-पाच मिनिटांना दोन ओळींचा गोषवारा आणि वेळ एवढे केले तरी पुष्कळ. केंटकी विद्यापीठाने तयार केलेले ओएचएमएस हे मोफत साधन अशा खुणा थेट चित्रफितीला जोडून देते.

शब्दांकन यंत्राकडून करून घ्यावे का? पहिल्या कच्च्या खर्ड्यासाठी चालेल, पण फाइल बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणार असाल तर संमती पुन्हा तपासा. आणि एक धोका ओळखून असा. ओपनएआयच्या व्हिस्पर या प्रणालीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १ टक्का तुकड्यांत कुणीही न उच्चारलेली वाक्ये आढळली, आणि बोलण्यात लांब विराम असतील तिथे हे जास्त घडत होते. आपल्या साक्षींत विराम किती असतात हे सांगायला नको. यंत्र त्या शांततेत वाक्ये भरते, आणि पुढे तीच कुणीतरी उद्धृत करते. माणसाने पूर्ण ऐकून तपासल्याशिवाय एकही शब्दांकन संग्रहात घेऊ नका. विराम कंसात नोंदवा. बोली सुधारून प्रमाण करू नका.

हे तपासणाऱ्या मुलामुलींकडे लक्ष असू द्या. मुलाखत घेणारा एकदा ऐकतो, शब्दांकन करणारा तेच वाक्य दहादा मागे-पुढे करून ऐकतो. एकाला दिवसाला एकच साक्ष द्या, सलग दिवस देऊ नका, आणि काम सोडावेसे वाटले तर कारण विचारत बसू नका.

शेवटचा ताबा कुणाकडे द्यायचा, हे गट ताजा असतानाच ठरवा. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या अत्याचारांची कागदपत्रे जमवणारे माहिती केंद्र १९९५ मध्ये येलच्या प्रकल्पाची शाखा म्हणून सुरू झाले आणि दोन वर्षांत स्वतंत्र झाले. कागदपत्रे देशात राहिली, शिवाय बाहेरची साथही मिळाली. आर्मेनियन वंशसंहारातून वाचलेल्यांच्या जवळपास ४०० मुलाखती मायकल हागोपियन यांनी १९७२ पासून फिल्मवर घेतल्या होत्या. त्या डिजिटल करून जतन करण्याचा करार एप्रिल २०१० मध्ये झाला आणि डिसेंबरमध्ये हागोपियन गेले. विद्यापीठाशी किंवा अभिलेखागाराशी लेखी करार करा : मालकी साक्ष देणाऱ्याची, संस्था राखणदार, अटी संमतिपत्राप्रमाणे, आणि संस्था बंद पडली तर प्रती कुठे जातील तेही त्यात हवे.

राहिला प्रश्न पहिल्यांदा कुणाकडे जावे हा. वर्तमानपत्रांत ज्यांचे नेहमी येते त्यांच्याकडे नको; त्यांची कहाणी सांगून सांगून घट्ट झालेली असते, आणि ती कुठेतरी नोंदलेली असते. गटाला ओळखणारे, प्रकृतीने बरे असलेले कुणी तरी पहिल्या एक-दोन मुलाखतींसाठी घ्या, म्हणजे नवख्या हातांनी सगळ्यात नाजूक साक्ष हाताळायची वेळ येत नाही. त्यानंतर ताबडतोब सर्वांत वृद्ध आणि आजारी माणसे. आणि प्रत्येक घरी 'मला काय ठाऊक, यांना विचारा' म्हणून आत निघून जाणारी एक बाई असते. तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. पाणी कुठून आणत होतात, मुलांना काय सांगून गप्प ठेवत होतात, भाकरी किती जणांत वाटली जायची, दार कुणी उघडले आणि कुणी नाही उघडले, हे तिला विचारा.